जवाईबापूंच्या सायकलीचा दसरा

कालव्याच्या दफ्तरातून बडे बाबू म्हणून निवृत्त झालेले गुणाकरराव सायकलवरून पडले, ही बातमी कॉलनीभर पसरायला वेळ लागला नाही. पडायला त्यांनी कॉलनीचा चौकच निवडला होता. त्यात दिवस दसऱ्याचा, वेळ संध्याकाळची. बालाघाटातली जी काही मराठी घरं त्या कॉलनीत आहेत, ती सगळी नवे कपडे घालून, आपट्याची पानं मुठीत धरून रस्त्यावर उभी होती. माणसाला पडायचंच असेल तर याहून वाईट मुहूर्त पंचांगात सापडणार नाही. गुणाकररावांनी तो पंचांग न बघताच साधला.

पडले म्हणजे फार काही नाही. सायकल एकदम थांबली आणि गुणाकरराव थांबले नाहीत, एवढंच. हँडलवर पोट टेकून ते थोडे पुढे गेले आणि मग सावकाश, मंत्र्याला गाडीतून उतरवून घेतात तसे, रस्त्यावर उतरले. खिशातलं सोनं चौकभर उधळलं. समोरच्या फाटकात माणिकराव उभे होते. कोर्टातले जुने पेशकार. ते उचलायला धावले नाहीत. आधी नीट बघून घ्यावं, मग साक्ष द्यावी, ही त्यांची नोकरीतली सवय.

"काय झालं, गुणाकरभाऊ?"

"काही नाई. ब्रेक पाहून राह्यलो."

"लागला वाटते ब्रेक."

गुणाकरराव उठले, धोतर असल्यासारखी पँट झटकली आणि सायकल हातात धरून घरी निघाले. सायकल टकटक, कटकट करत होती. आतून कोणीतरी दात खात असावं, तसा आवाज.

सायकल त्यांची स्वतःची असती तर गोष्ट इथेच संपली असती. गंजलेल्या बादलीशेजारी ती वर्षभर उभी राहिली असती आणि एखाद्या दिवाळीला भंगारवाल्याकडे गेली असती. पण सायकल जावयाची होती.

अश्विनराव, म्हणजे मुलीचा, प्राचीचा नवरा, मलाजखंडला तांब्याच्या खाणीत इंजिनीअर. पगार चांगला, स्वभाव त्याहून चांगला, आणि व्यसन एकच. सुट्टीच्या दिवशी डोंगरात सायकल चालवायची. ज्या उतारावर बैल थांबून मागे बघतो, त्या उतारावरून हे हसत खाली येतात. त्यासाठी जाड टायरची, गिअरवाली, काळी कुळकुळीत सायकल घेतलेली. कामासाठी परगावी जायचं होतं आणि क्वार्टरला रंग लागत होता, म्हणून सायकल सासऱ्यांच्या घरी ठेवून गेले. जाताना वाकून पाया पडले आणि म्हणाले,

"मामाजी, फक्त छायेत ठेवजा. कोणाले हात लावू देऊ नका. मी परत आलो का त्या रविवारी जंगलात रेस आहे. वर्षभर त्याच्यासाठीच तयारी करून राह्यलो."

"तुमी बेफिकीर जा, जवाईबापू," गुणाकरराव म्हणाले. "मशीन मले सांगता का?"

हे वाक्य त्यांनी उगाच टाकलं नव्हतं. लग्न ठरवताना व्याह्यांनी विचारलं होतं, दफ्तरात आपलं काम काय? गुणाकरराव म्हणाले होते, "कालव्याची दारं सांभाळतो." तेव्हापासून सासरे यंत्रातले मोठे जाणकार, अशी अश्विनरावांची समजूत. समजूत खोटी होती असं म्हणता येत नाही. कालव्याच्या दारांची फाइल खरोखर गुणाकररावांच्याच टेबलावर असे. दार गंजलं की फाइल जाड व्हायची. फाइल फार जाड झाली की तिचे दोन भाग करायचे आणि दोन्हींना नवी लाल नाडी बांधायची. नोकरीभर त्यांनी एकाही दाराला हात लावला नाही. हाताला वंगण लागतं, आणि वंगण लागलेल्या हातानं सही होत नाही.

आता सायकलचं काय झालं ते. दसऱ्याला घरातली सगळी अवजारं, गाड्या, शिलाई मशीन, झालंच तर मिक्सरसुद्धा पूजेला बसतं. मग जावयाची सायकल कशी राहणार? गुणाकररावांच्या बायकोनं, शीलाबाईंनी, सकाळीच झेंडूचे हार ओवले होते. दोरा साधा नव्हता. तांदळाच्या कट्ट्याची, म्हणजे पोत्याची, शिवण उसवून काढलेला, मजबूत, वर्षानुवर्षं डब्यात गुंडाळून ठेवलेला. त्यांनी एक हार हँडलला घातला, कुंकू लावलं आणि आरती ओवाळायला घेतली.

"थांब," गुणाकरराव म्हणाले. "हँडल म्हणजे का यंत्र आहे? यंत्र तं मागं आहे."

आणि त्यांनी दुसरा हार घेऊन मागच्या चाकाजवळ बैठक मारली. तिथे लहानमोठ्या दातेरी चकत्यांची उतरंड, तिच्याखाली लोंबणारा एक चिमटा, चिमट्यात दोन चिमुकली चाकं आणि या सगळ्यांतून नागमोडी गेलेली चेन. गुणाकररावांनी सगळ्याला मिळून हार गुंडाळला. दातांवर ओलं कुंकू थापलं, वर मूठभर अक्षता. मग डोळे मिटून नमस्कार केला. आणि आता पूजा झालेलं वाहन जागेवर उभं ठेवणं बरं नाही, असं मनाशी ठरवून, त्याच सायकलवर बसून सोनं वाटायला निघाले. अश्विनरावांनी सांगितलं होतं, कोणाले हात लावू देऊ नका. कोणाले म्हणजे परक्या माणसाला. सासरा काही परका नसतो.

चौकापर्यंत फार छान गेले. पुढचं आपण पाहिलंच.

घरी आल्यावर शीलाबाईंनी गुडघ्याला हळद लावली आणि विचारलं, "हार कुठी आहे?"

"पडला असंन रस्त्यात. फुलंच ती."

"फुलं जाऊ द्या. दोरा कट्ट्याचा होता. चांगला."

"माणूस पडला इथं, अन् तुले दोऱ्याची पडली!"

शीलाबाईंनी हळदीची वाटी उचलली. हा प्रश्न त्यांनी पुढच्या काही दिवसांत आणखी विचारला आणि प्रत्येक वेळी त्यांना असंच उत्तर मिळालं. कर्त्या पुरुषाला एवढ्यातेवढ्या गोष्टीसाठी वेळ नसतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तपासणी झाली. चेन वर बसवली, चाक उचलून पायडल फिरवलं. चेन एका चकतीवर ठरेना. इकडून तिकडे उड्या मारी, मध्येच अडके, पुन्हा उडी. साधी गोष्ट म्हणजे सायकल दुकानात न्यायची. पण गिअरच्या सायकलचं काम येणारं दुकान गावात एकच, अंकितचं. आणि अंकित अश्विनरावांचा शाळेतला मित्र. सायकल दुकानाच्या पायरीवर चढायच्या आधी तिचा फोटो जावयाच्या मोबाइलवर पोचला असता. मशीनच्या जाणकार सासऱ्यानं पूजेच्या दिवशी सायकल मोडली, हे मलाजखंडच्या टाउनशिपमध्ये घराघरांत गेलं असतं. प्राचीला तिथे मान वर करून राहायचं होतं. त्यापेक्षा घरीच दुरुस्त करावी. अश्विनराव यायच्या आत सायकल होती तशी झाली पाहिजे. अशी प्रतिज्ञा करून गुणाकररावांनी व्हरांड्यात जुनी चादर अंथरली.

चादर अंथरली की आपल्याकडे माणसं जमतात. खाली काय आहे ते नंतर बघतात.

पहिले आले माणिकराव. "हात नका लावू," ते म्हणाले. "आधी पंचनामा."

"कायचा पंचनामा?"

"उद्या जवाई म्हणतीन, असं नव्हतं. मंग तुमच्यापाशी का सबूत आहे? लिहून ठेवा."

लग्नाच्या एका जुन्या पत्रिकेच्या पाठीमागे पंचनामा सुरू झाला. घटनास्थळी एक सायकल, रंग काळा, जात डोंगरी, मालक गैरहजर. टायर दोन, सुस्थितीत. घंटी नाही. अशी सगळी नोंद झाली. पत्रिका भरली, बाजूच्या समासातसुद्धा लिहून झालं. चहा झाला. दुरुस्तीचा पहिला दिवस अशा रीतीनं चांगला गेला, आणि गुणाकररावांना दफ्तरात असल्यासारखं प्रसन्न वाटलं.

दुसऱ्या दिवशी माणिकरावांना चिमट्यावर दोन बारीक स्क्रू सापडले. एकावर इंग्रजी एच, एकावर एल.

"एच म्हणजे हल्का," ते म्हणाले, "अन् एल म्हणजे लोड."

"मंग कोणता फिरवायचा?"

"एकच फिरवला तं पक्षपात होते. दोन्ही सारखे फिरवा."

न्याय झाला. दोन्ही स्क्रू चांगले सैल केले. आता पायडल फिरवल्याबरोबर चेननं इकडेतिकडे उडी मारणं बंद केलं. तिनं सगळ्यांत मोठ्या चकतीवरून सरळ पलीकडे झेप घेतली आणि चाकाच्या आऱ्यांत जाऊन बसली. कड्कड असा आवाज झाला. माणिकरावांनी मागे सरून पाहिलं आणि म्हणाले, "म्हणजे पहिले होतं ते ठीक होतं." आणि घरी जेवायला गेले.

तिसरा सल्ला शेजारच्या राजूचा. राजू नोकरीच्या परीक्षा देतो, म्हणजे घरीच असतो, आणि जगातलं प्रत्येक काम त्यानं मोबाइलवर पाहिलेलं असतं. केलेलं नसतं, पण पाहिलेलं असतं.

"काकाजी, चेन ड्राय है. ये देखो, गोरा आदमी क्या बोल रहा. निकालना, धोना, ऑइलिंग करना. बस."

"निघते का ते?"

"इसमें एक जोड की कडी रहती ना. प्लास से दबाई का निकली." आणि राजूनं प्रथम फोटो काढून घेतला. "पहले फोटो लेना पडता, काकाजी. वापस लगाते टाइम काम आता."

एवढा सावधपणा पाहून गुणाकररावांचा जीव भांड्यात पडला. चेन निघाली. शीलाबाईंच्या भांड्याच्या साबणानं धुतली गेली. पाणी काळं-लाल निघालं, कुंकवासकट. आता प्रश्न तेलाचा. राजू म्हणाला, स्पेशल तेल मिळतं. कुठे? अंकितच्या दुकानात. विषय संपला.

इथे गुणाकररावांना आपला आजा आठवला.

"आमचा आजा राजेगावले बैलगाडीच्या आखाले जवसाचं तेल घाले," ते म्हणाले. "भात भरून गाडी गोंदियाले जाये अन् येये. कधी कुरकुर नाई केली तिनं."

माणिकराव जेवून परत आले होते. त्यांनी मान डोलावली. राजूनं मोबाइलमध्ये बघितलं, तिथे गोरा माणूस जवसाबद्दल काही बोलत नव्हता, पण त्याला आजा नसावा. राजेगावहून भावानं पाठवलेली घाण्याच्या तेलाची बाटली घरात होतीच. शीलाबाई चटणीवर घालायच्या. गुणाकररावांनी बाटली घेतली आणि चेनला तेलाची आंघोळ घातली. मग ते नीट मुरावं म्हणून कपडे वाळवायच्या तारेवर, लुगड्याशेजारी, चेन लोंबती टाकली. ऑक्टोबरचं ऊन. बालाघाटात या महिन्यात पापडसुद्धा सकाळी घालून दुपारी काढतात.

"जवाईची चेन अन् माही साडी एका तारेवर," शीलाबाई म्हणाल्या. "अन् तो दोरा सापडला का?"

"अवो, तू जरा गप राह्य ना."

दोन दिवसांनी गुणाकरराव चेन काढायला गेले. चेन तारेवरून उतरली खरी, पण वाकेना. तारेवर जशी लोंबत होती तशीच राहिली, वर वळण आणि खाली दोन सरळ पाय. लाकडाला वार्निस लावावं तशी तिच्यावर पिवळी चकचकीत साल आली होती. गुणाकररावांनी ती व्हरांड्यात भिंतीला टेकवून ठेवली. ती टेकून उभी राहिली. एखाद्या पाहुण्यासारखी.

"जवसाचं तेल वाळते," माणिकराव म्हणाले. "रंगारी रंगात कालवतात ना. साल धरावी म्हणूनच तं घालतात."

"तुमाले माहीत होतं?"

"हौ."

"मंग सांगतलं काहून नाई?"

"तुमी विचारलं कुठी?"

शीलाबाई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मामाजी, तुमचे बाबा, एरंडीचं तेल घालत. आखाले. मी आली तेव्हा आज्याची गाडी होती. जवस बैलाले चारत."

त्या दिवशी गुणाकररावांचं जेवण कमी झालं.

आता वाळलेलं तेल काढायला मिट्टीचं तेल, म्हणजे रॉकेल, पाहिजे. ते शोधत ते राशनच्या दुकानात गेले. दुकानदार हसला.

"मिट्टी का तेल? बाबूजी, कौनसे जमाने से आ रहे हो? कब का बंद हो गया."

गुणाकररावांना राग आला. बंद झालं याचा नाही. कागद नाही याचा. "बंद हुआ तो लिखके दो," ते म्हणाले.

"लिखके देने के लिए समग्र आयडी की केवायसी लगेगी. अंगूठा लगाओ."

त्यांनी अंगठा लावला. मशीन लाल झालं. पुन्हा लावला, पुन्हा लाल. दुसरा अंगठा, सगळी बोटं, एकेक करून. सगळ्यांवर जवसाच्या तेलाची साल धरली होती. रेषा बुजून गेल्या होत्या. मशीनच्या मते समोर कोणी उभंच नव्हतं.

"सिस्टम में आप नहीं आ रहे," दुकानदार म्हणाला.

"मी इथं उभा आहे ना!"

"वो तो हमको भी दिख रहा. सिस्टम को नहीं दिख रहा."

ज्या माणसानं आयुष्यभर समोर उभ्या असलेल्या शेतकऱ्यांना 'नस्तीत तुमचं नाव दिसत नाही' असं सांगून उद्या यायला लावलं, तो माणूस दुकानाबाहेर येऊन आपली बोटं उन्हात धरून बघत राहिला. त्याला काही आठवलं की नाही, ते त्यानं कोणाला सांगितलं नाही.

मग पेट्रोल. पंपावर बाटली पुढे केली तर पोरगा म्हणाला, बाटलीत देत नाही, वरून मनाई आहे, गाडी आणा. आता चेन नसलेली सायकल पंपावर नेऊन टाकी कुठे दाखवणार? राजूनं उपाय काढला. "मेरी स्कूटी में से निकाल लेते, काकाजी. पाइप से. मुँह से खींचना पडता." पाइप त्याच्याकडे होता. तोंड, वयाचा मान म्हणून, काकाजींचं ठरलं.

ओढल्याबरोबर पेट्रोल बाटलीत यायच्या आधी गुणाकररावांच्या घशात गेलं. नंतर बाटलीतही आलं, पण त्या आनंदात भाग घ्यायला ते उरले नव्हते. संध्याकाळी शीलाबाईंनी त्यांना देवघराच्या दारातच अडवलं. "आज नमस्कार बाहेरूनच करा. अन् दिव्यापाशी तोंड नका उघडू."

पेट्रोलात भिजवून, जुन्या ब्रशनं कडी न् कडी घासून चेन पुन्हा वळायला लागली तेव्हा गुणाकररावांची बोटं सोलली होती. तेवढ्यात फोन वाजला.

"मामाजी, नमस्ते. काम लवकर आटपलं. उद्या सकाळीच येऊन राह्यलो मी. सायकल ठीक आहे ना?"

"एकदम ठीक," गुणाकरराव म्हणाले. आवाज अजून पेट्रोलचा होता.

"कोणी हात तं नाई लावला?"

"माह्याशिवाय कोणाची हिंमत आहे?"

आता चेन बसवायची. राजूचा फोटो उघडला. फोटोत मधोमध राजू होता, दोन बोटं वर करून हसत. त्याच्या खांद्यामागे सायकलचा एक टायर दिसत होता. माणिकरावांचा पंचनामा काढला. त्यात टायर होते, रंग होता, घंटीचा अभावही होता. चेन त्या दोन चिमुकल्या चाकांतून कशी गेली होती, तेवढंच नव्हतं.

"मी कायद्याच्या दृष्टीनं लिहिलं होतं," माणिकराव म्हणाले, आणि त्यांना घरी एक काम आठवलं. राजूलाही परीक्षा आठवली. व्हरांड्यात गुणाकरराव आणि सायकल दोघंच उरले.

त्यांनी पाट घेतला आणि चाकाशेजारी बसले. आठवडाभर त्यांनी ही सायकल उभ्यानं पाहिली होती, खुर्चीतून पाहिली होती, मोबाइलमध्ये पाहिली होती. डोळा त्या चिमट्याच्या पातळीला आणून आज पहिल्यांदा पाहिली. चेन वरच्या चाकाच्या कोणत्या अंगानं जाते हे समजावं म्हणून त्यांनी बोटानं ते चाक फिरवलं. फिरेना. अडकलं होतं. चाकाच्या आसाभोवती काळं, घट्ट काहीतरी गुंडाळलेलं होतं. वंगण असेल म्हणून नखानं खरवडलं. वंगणाच्या खाली दोरा निघाला.

गुणाकररावांनी इकडेतिकडे बघितलं.

मग टोक पकडून ओढलं. दोरा यायला लागला. चाकाभोवतून आला, चकत्यांच्या मधून आला, ओढावं तितका येत राहिला. मजबूत होता, कट्ट्याचा होता. मध्येच झेंडूची एक वाळकी पाकळी आली, चकत्यांच्या फटीतून कुंकू माखलेल्या अक्षता खाली पडल्या. सायकलचा आजार निघाला तो असा. पूजा झाली होती तिला.

चिमुकलं चाक गर्रकन फिरलं.

गुणाकररावांनी दोऱ्याची गुंडी केली आणि सदऱ्याच्या खिशात खोल टाकली.

चेन ओवली. जोडकडी बसवली. राहिले ते दोन स्क्रू, ज्यांना न्याय मिळाला होता. माणिकराव नव्हते, म्हणून या वेळी गुणाकररावांनी एकाच वेळी एकच स्क्रू फिरवला. थोडा. मग पायडल फिरवून बघितलं, चेन कुठे जाते. पुन्हा थोडा. पुन्हा बघितलं. चेन आऱ्यांच्या दिशेला झुकली की स्क्रू घट्ट, मोठ्या चकतीवर चढेना की जरा सैल. ऊन भिंतीवरून वर सरकलं, शीलाबाईंनी चहा आणून ठेवला, तो निवला. केव्हातरी चेन पायरी पायरीनं वर चढली आणि पायरी पायरीनं खाली उतरली. आवाज नाही. उडी नाही. गुणाकररावांनी ती पुन्हा चढवली, पुन्हा उतरवली. उगाच. बघायला बरं वाटलं म्हणून. कालव्याची ती गंजकी दारं त्यांच्या मनात एकदा येऊन गेली. मग त्यांनी शीलाबाईंच्या खोबरेल तेलाचे चार थेंब चेनला दिले. आजोबांना मध्ये न आणता.

सकाळी अश्विनराव आले. चौकापर्यंत चक्कर मारून परत आले तेव्हा त्यांचा चेहरा उजळला होता.

"मामाजी! हे तं पहिलेपेक्षा मस्त चालून राह्यली. गिअर एकदम मक्खन. चेनबी साफ. कोणं केलं हे?"

इथे एका साध्या वाक्यानं काम भागलं असतं. पण फाटकात माणिकराव उभे होते, राजू भिंतीवरून डोकावत होता, आणि गुणाकररावांचा आठवडा फार अपमानात गेला होता.

"काही नाई," ते म्हणाले. "वरून पाहिली तं मले वाटलं, बारीक कसर आहे. तुमाले नसंल जाणवली. म्हटलं, रेसच्या पहिले काढून टाकू. थोडं खोलावं लागलं. दारांचं काम केलं ना आपण, कान तयार होते."

अश्विनराव पुन्हा पाया पडले. माणिकरावांनी एकदा खोकून घेतलं, पण साक्ष दिली नाही. रेस झाली. अश्विनराव कितवे आले याची चर्चा दोन्ही घरांत टाळली जाते, पण आख्ख्या जंगलात गिअर एकदाही उडाला नाही, हे त्यांनी सगळ्यांना सांगितलं. फार जास्त लोकांना सांगितलं.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी घरासमोर दोन गाड्या येऊन थांबल्या. छपरांवर सायकली बांधलेल्या. अश्विनराव आणि त्यांचे खाणीतले मित्र. सायकली उतरत गेल्या, भिंतीला टेकत गेल्या, भिंत संपली तेव्हा तुळशीला टेकल्या. चिखलानं माखलेल्या, कुरकुरणाऱ्या, एकीची चेन तर पिशवीत घालून आणलेली.

"मामाजी, मी सगळ्यायले सांगतलं," अश्विनराव अभिमानानं म्हणाले. "बालाघाटात आपले मामाजी आहेत म्हणून. अंकितबी यायचा होता. म्हणे, मले शिकाचं आहे त्यायच्यापाशी."

गुणाकररावांच्या घशात पेट्रोल नसतानाही पेट्रोल आलं. त्यांनी माणिकरावांच्या फाटकाकडे पाहिलं. माणिकराव पत्रिकेची कोरी बाजू शोधत होते.

तेवढ्यात आतून शीलाबाई पूजेचं ताट घेऊन आल्या. ताटात हळदीकुंकू, मूठभर अक्षता आणि झेंडूचा ताजा, टपोरा हार. हाराचा दोरा मात्र काळा होता, वंगणानं, आणि जागोजाग कुंकवाचे डाग. सदरा धुताना खिशात सापडलेला.

"चांगला दोरा आहे, वाया काहून घालवायचा," त्या म्हणाल्या आणि ताट नवऱ्यासमोर धरलं. "सांगा, याच्यातल्या कोणत्या सायकलीपासून सुरू करता?"